वचन आणि वर्तन : पंडिता रमाबाईंचे उदाहरण

बायबलच्या नव्या करारात याकोबाचे एक लहानसे पत्र आहे. अवघे पाच अध्यायांचे. अंगावर धड वस्त्र नाही, पोटात अन्न नाही, असा माणूस दारी आला आणि आपण त्याला नुसता तोंडभर आशीर्वाद देऊन वाटेला लावला, तर त्या आशीर्वादाचा त्याला उपयोग काय, असा रोकडा सवाल याकोब त्यात करतो. कृतीवाचून श्रद्धा मेलेलीच, असे त्याचे म्हणणे.

ख्रिस्ती समाजापुढे हा सवाल दर पिढीला येतो. प्रार्थनामंदिरात रविवारी ऐकलेले वचन सोमवारी चुलीपाशी, शेतावर, पैशाच्या व्यवहारात कसे उतरवायचे? महाराष्ट्रात हा सवाल ज्यांनी आपल्या आयुष्यावर घेतला, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव फार वरचे आहे. त्यांच्या विद्वत्तेविषयी आपण शाळेत शिकतो आणि शिकवतोही. आज मी त्यांच्या वागणुकीविषयी बोलणार आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून आधी पत्नीला आणि मग मुलीला संस्कृत शिकवले. पुढे दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. भुकेने माणूस कसा झिजतो ते रमाबाईंनी आपल्या घरातच पाहिले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. मांडीवर मनोरमा नावाची लहान मुलगी. १८८३ साली त्या शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हे कशामुळे घडले? तेथील धर्मभगिनी लंडनजवळ फुलहॅम येथे एक आश्रम चालवीत होत्या. समाजाने ‘बिघडलेल्या’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तेथे आधार मिळे. या भगिनी त्यांची मायेने सेवा करतात, हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. असे का करता, म्हणून त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. परजातीची, लोकांत नाव गेलेली ती बाई; येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी आदराने बोलतो. लक्षात घ्या, रमाबाईंनी आधी वागणे पाहिले आणि मग त्या वागण्यामागचे वचन ऐकले. हा क्रम त्यांनी जन्मभर विसरला नाही.

परंतु बाप्तिस्मा घेतला म्हणजे सारासार विचार दुसऱ्याच्या हवाली केला, असे त्यांनी मानले नाही. चर्चचा शब्द मुकाट्याने मानावा, असा भगिनींचा आग्रह होता. रमाबाई म्हणत, मी बायबल स्वतः वाचीन आणि माझ्या विवेकाला पटेल तेच स्वीकारीन. इंग्लंडात राहूनही त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. हा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने छापला गेला आहे. तो वाचताना एक गोष्ट स्पष्ट दिसते. एका रूढीचे जोखड उतरवून दुसऱ्या रूढीचे मानेवर घेण्यास ही बाई तयार नव्हती.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे मुलींना आपापले आचारविचार पाळण्याची मोकळीक होती. धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. गोदूबाई ही तेथली एक पहिली विद्यार्थिनी. १८९३ साली तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. रमाबाई मात्र स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून बायबल वाचीत, प्रार्थना करीत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही १८९३ मध्ये बाजूला झाले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. टीकाकारांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू, अशा भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणाला बोलावीत नाही, आणि माझे दार लावून घेऊन माझी श्रद्धाही लपवणार नाही. दोन्ही बाजू ऐकून न्याय ज्याने त्याने करावा. पण श्रद्धा उघडपणे आचरली की तिची किंमत मोजावी लागते, हे त्या प्रसंगात दिसते.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसे उपासमारीने मरत होती. लहानपणीची भूक आठवून रमाबाई तिकडे धावल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. शारदा सदनात नवी माणसे ठेवायला सरकारची मनाई. पण पुण्याच्या पूर्वेला केडगाव येथे त्यांनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. तेथे झोपड्या उभ्या राहिल्या, आणि ‘मुक्ति’ सुरू झाली. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तेथल्या माणसांचा आकडा दीड हजारांवर गेला.

आता एवढ्या लेकींना नुसते बसवून खाऊ घालणे हीही दया झाली असती. रमाबाईंनी तसे केले नाही. शेती, गोठा, माग, तेलाचा घाणा, शिवणकाम, छापखाना, अशी कामे त्यांनी मुलींच्या हाती दिली. सकाळी वाचन-प्रार्थना, आणि मग दिवसभर शिक्षण व काम. लोकांनी झिडकारलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. फुलहॅमला पाहिलेले चित्र असे केडगावात उतरले. आंधळ्या मुलींसाठी निघालेल्या सदनाला येशूने दृष्टी दिलेल्या बार्तीमयाचे नाव मिळाले. म्हणजे बघा, शुभवर्तमानातल्या एकेका गोष्टीची येथे एकेक इमारत झाली.

वागणुकीची आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांचे जे हाल झाले, त्यांविषयी रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून सरकारला दोष दिला. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे, म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

आणि शेवटचे मोठे काम भाषेचे. प्रचलित मराठी बायबलातील जड, तत्त्वज्ञानी वळणाचे शब्द खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, हे त्यांना खुपत होते. जे वचन कळतच नाही ते आचरायचे कसे? म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि अख्खे बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. मुक्तीतल्याच मुलींनी खिळे जुळवले, कागद छापले. हे भाषांतर फार शब्दशः झाले, काही ठिकाणी ओबडधोबड वाटते, असे जाणकार म्हणतात. तेही खरे असेल. १९२१ साली मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. १९२४ साली ते ग्रंथरूपाने बाहेर आले.

रमाबाईंनी पुढे लिहिलेल्या आत्मनिवेदनात एक कबुली आहे. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षे आपल्या हाती फक्त ख्रिस्ती धर्म होता, खुद्द ख्रिस्त नव्हता, अशा अर्थाचे त्या सांगतात. नाव बदलणे, पंथ बदलणे सोपे. मन आणि हात बदलायला वेळ लागतो, हे त्यांना स्वानुभवाने कळले होते.

गुरुजनांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना रमाबाई शिकवताना पदव्या आणि सनावळ्या यांवर थांबू नका. कुठल्याही धर्माच्या मुलाला एवढे जरूर विचारा : तुझ्या घरी जे चांगले वचन म्हटले जाते, ते कालच्या दिवसात तू कुठे वापरलेस? केडगावची मुक्ति आजही चालू आहे. जमले तर मुलांना घेऊन एकदा तेथे जा, आणि ते आवार, ती माणसे त्यांना डोळ्यांनी पाहू द्या.