शिमग्याचा विस्तव

दोन घरांचे हाडवैर सांगताना मराठी माणूस म्हणतो, ‘त्यांच्यात विस्तव जात नाही.’ चूल पेटवायला निखारा मागण्याइतकाही संबंध उरला नाही, असा त्याचा अर्थ. गावकुसाच्या आतले गाव आणि बाहेरचा महारवाडा यांच्यात मात्र विस्तव जात असे, निदान फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्री. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत आधी महारवाड्यातली होळी पेटे आणि तिच्यातला विस्तव नेऊन गावाची होळी पेटवीत. आमच्या गावीही हीच रीत होती. हा महारांचा मान, असे गाव सांगे. माझी आजीही तसेच सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज थोडा चढायचा.

मी इतिहास शिकवतो. मला आजीचा आवाजही ऐकू येतो आणि त्या मानाचा हिशेबही दिसतो. होळीची लाकडे फोडणारा महारच. निखारा लाकडांना लागला की आणणारा मागे सरे. नारळ आणि पुरणपोळी होळीला वाहिली जाई तेव्हा तो अंधारात उभा असे. दुसऱ्या दिवशी दारोदार पोस्त मागायचे, आणि पोळी वरून ओंजळीत टाकलेली घ्यायची. आगीला विटाळ नाही. ती सगळ्यांना शुद्ध करते, असे शास्त्र म्हणते. म्हणून महाराचा विस्तव चाले. पाण्याला विटाळ होता.

शास्त्राने तर याच सणात आणखी एक सोय करून ठेवली होती. होळीच्या दुसऱ्या दिवशी श्वपचाला शिवून मग स्नान करावे, म्हणजे रोगराई बाधत नाही, असा विधी जुन्या धर्मनिबंधांत आहे. श्वपच म्हणजे कुत्र्याचे मांस शिजवणारा. अस्पृश्याला शास्त्राने दिलेले हे नाव! वर्षातून एक दिवस आमचा स्पर्श औषध ठरला, पण त्यावर आंघोळ होतीच. धुळवडीला सारे भेद विरघळतात असे सांगणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी हा विधी ऐकवतो, तेव्हा ते चहाचा कप उचलतात.

आता एक तारीख पाहा. महाडची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद 19 आणि 20 मार्च 1927 ला भरली. त्या वर्षी फाल्गुनी पौर्णिमा 18 मार्चला होती. म्हणजे बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागे हजारो माणसे चवदार तळ्याकडे निघाली, ते दिवस ऐन शिमग्याचे होते. तारीख सण पाहून ठरली असे मी म्हणत नाही. पण कोकणात जेव्हा घरोघर पालख्या नाचतात, त्याच दिवसांत ओंजळभर पाण्यासाठी माणसांची डोकी फुटली. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव 1923 चा, आणि महाड नगरपालिकेने तळे खुले केले ते 1924 मध्ये. कागदावरचा हक्क पायांनी चालून घेतला एवढाच गुन्हा. पुढे शेण-गोमूत्र घातलेल्या पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. विस्तव देणाऱ्या हातांनी पाणी घेतले, त्याचे हे प्रायश्चित्त!

आमच्या गावात तळे नव्हते, एक विहीर होती. 14 ऑक्टोबर 1956 नंतर आमच्या वस्तीने बौद्ध धम्म स्वीकारला. पुढच्या शिमग्याला आजी नवी सून होती. वस्तीत होळी पेटली नाही. दिवेलागणीला कोतवाल विस्तव मागायला आला, तेव्हा माझ्या पणज्याने त्याला बसायला घोंगडी टाकली आणि विस्तव नाही म्हणून सांगितले. गाव बराच वेळ वाट पाहत राहिले. दुकानदाराने महिनाभर आम्हाला उधार मीठ दिले नाही. होळी मात्र त्या रात्रीही पेटली. कोणीतरी खिशातून आगपेटी काढली.