फॉन्द्यूचें भांडें : एका रूढीचा इतिहास

स्वित्झर्लंडमधील एखाद्या सुखवस्तु कुटुंबांत हिवाळ्याच्या दिवसांत चार-सहा स्नेही रात्रीं जेवावयास यावयाचे असले, म्हणजे यजमानांस फारशी धांवपळ करावी लागत नाहीं. मेजाच्या मध्यावर एक स्पिरिटची शेगडी ठेवावयाची, तिच्यावर आडव्या दांड्याचें, जाड बुडाचें मातीचें किंवा बिडाचें भांडें ठेवावयाचें, आणि प्रत्येकाच्या हातीं लांब दांड्याचा एक कांटा द्यावयाचा. एवढी सिद्धता पुरते. भांड्यांत पांढऱ्या वाइनमध्यें वितळविलेलें चीज मंदपणें खदखदत असतें. पाहुणे पावाचा तुकडा कांट्यास टोंचतात, भांड्यांत बुडवून फिरवितात आणि खातात. हाच फॉन्द्यू. ‘वितळणें’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हें नांव पडलें आहे.

हा पदार्थ अतिशय पुरातन आहे, अशी समजूत स्वित्झर्लंडांत व बाहेरहि आढळते. आल्प्सच्या डोंगरांत बर्फानें वाटा बंद होत. गुराख्यांच्या झोंपडींत शिळा पाव व वाळलेलें चीज यांखेरीज कांहीं उरत नसे. तेव्हां चीज वितळवून त्यांत पाव मऊ करून खाण्याची युक्ति त्यांनीं काढली, अशी ही कथा आहे. १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या ॲस्टेरिक्सच्या एका फ्रेंच चित्रकथेंत तर प्राचीन रोमन अधिकारीहि फॉन्द्यूच्या मेजवान्या झोडतांना दाखविले आहेत. ती उघड थट्टा झाली. परंतु गंभीरपणें लिहिणारेहि पुष्कळदां होमरपर्यंत जाऊन पोंचतात. ‘इलियड’च्या अकराव्या सर्गांत हेकामीडी ही मद्यांत बकरीच्या दुधाचें चीज किसून घालते आणि वर जवाचें पीठ भुरभुरविते, हें खरें. पण तें पेय आहे. आणि त्यापासून आजच्या फॉन्द्यूपर्यंत अखंड परंपरा दाखवितां येत नाहीं.

गुराख्याची कथाहि तपासून पाहिली असतां टिकत नाहीं. ग्रुयेर चीजच्या ३५ किलो वजनाच्या एका चकतीस सुमारें ४०० लिटर दूध लागतें. इतक्या दुधाचें मोल जिच्यांत सांठलें आहे, ती वस्तु गरीब गुराख्यास स्वतःच्या जेवणांत सढळ हातानें वितळविणें परवडण्याजोगें नव्हतें. सतराव्या व अठराव्या शतकांत हें चीज लिआँसारख्या फ्रेंच बाजारपेठांत विक्रीस जाई. डोंगरांतील माणसास तें रोख पैसा देणारें साधन होतें. शिवाय उंच कुरणांवर द्राक्षें पिकत नाहींत. द्राक्षांचे मळे खालीं, सरोवरांच्या कांठीं व नद्यांच्या खोऱ्यांत. मग उत्तम चीज आणि वाइन हीं दोन्ही एका चुलीवर सहज एकत्र येत तीं कोणाच्या घरीं? बहुधा शहरांतील खाऊनपिऊन सुखी असलेल्या गृहस्थाच्या घरीं. आणि लेखी पुरावाहि तिकडेच बोट दाखवितो.

या पुराव्यांतील प्रसिद्ध कागद १६९९ सालचा आहे. झुरिच येथील ॲना मार्गारेटा गेस्नर हिच्या पाकपुस्तकांत वाइनमध्यें चीज शिजविण्याची कृति दिली आहे. किसलेलें किंवा चिरलेलें चीज वाइनमध्यें वितळवावयाचें आणि त्यांत पाव बुडवून खावयाचें, असें तिचें स्वरूप आहे. म्हणजे पदार्थ होता, पण त्यास फॉन्द्यू हें नांव नव्हतें. उलट ज्यास फॉन्द्यू म्हणत, तो पदार्थ निराळाच होता. व्हिन्सेंट ला शापेल या नामांकित आचाऱ्यानें १७३५ मध्यें या नांवाखालीं जें सांगितलें आहे, त्यांत चीजबरोबर अंडीं आहेत.

अंड्यांच्या या फॉन्द्यूस कीर्ति मिळवून दिली ती ब्रिया-साव्हारँ या फ्रेंच न्यायाधीशानें. राज्यक्रांतीच्या धामधुमींत त्यास देश सोडून कांहीं काळ स्वित्झर्लंडांत व नंतर अमेरिकेंत रहावें लागलें होतें. १८२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या रुचिविषयक ग्रंथांत त्यानें फॉन्द्यूची कृति दिली असून, ती बर्नच्या राज्यांतील मूदों येथील त्रोले नांवाच्या अधिकाऱ्याच्या कागदपत्रांतून घेतल्याचें सांगितलें आहे. अंड्यांचें वजन करावें; त्या वजनाच्या एक तृतीयांश चांगलें ग्रुयेर चीज व एक षष्ठांश लोणी घ्यावें; आणि सर्व एकत्र करून विस्तवावर ढवळीत रहावें. म्हणजे ही एक प्रकारची चीजची भुर्जीच म्हणावयाची.

त्याच ग्रंथांत एक गंमतीची हकीकत आहे. बेले गांवीं मादो नांवाचे नवे बिशप आले, त्यांच्या स्वागताच्या मेजवानींत फॉन्द्यू वाढला गेला. तोंवर सर्व लोक तो कांट्यानें खात. बिशपमहाशयांनीं चमचा उचलला. दुसऱ्या दिवशीं गांवांत जो तो भेटेल त्यास हेंच विचारूं लागला. वाद असा चमच्याचा कीं कांट्याचा होता, यावरूनच कळतें कीं फॉन्द्यू त्या वेळीं प्रत्येकाच्या ताटांत वेगळा वाढला जाई. सामाईक भांडें तेव्हां नव्हतें. मात्र घरीं आलेल्या दोघां वृद्ध आप्तांसाठीं ब्रिया-साव्हारँनें स्पिरिटची शेगडी मागवून त्यांच्या समोर स्वतः फॉन्द्यू केला, असेंहि तो सांगतो. पाहुण्यांदेखत शिजविण्याची हौस अशी त्या काळींहि होती.

फॉन्द्यू हें नांव आणि केवळ चीज व वाइन यांची कृति, या दोहोंची गांठ पडलेली १८७५ मध्यें आढळते. आणि नवल असें कीं त्याच वेळीं त्यास स्विस लोकांचें राष्ट्रीय पक्वान्न म्हटलेलें आहे. परंतु देशाच्या पश्चिमेकडील फ्रेंच भाषा बोलणाऱ्या भागाबाहेर त्याचा प्रसार बेताचाच होता. १९०५ मध्यें स्वित्झर्लंडांत कॉर्नफ्लोअर येऊं लागलें आणि गृहिणीची एक मोठी अडचण दूर झाली. चीज व वाइन फाटून वेगळीं होण्याची भीति त्यामुळें बरीच कमी झाली. तरीहि हा पदार्थ घरोघर पोंचला तो चवीमुळें नव्हे, पाकशास्त्रामुळेंहि नव्हे. तो पोंचला न खपणाऱ्या चीजमुळें.

पहिल्या महायुद्धाच्या वर्षीं, १९१४ मध्यें, ‘स्विस चीज युनियन’ नांवाचा संघ स्थापन झाला. चीजचे भाव, उत्पादन व विक्री यांचें नियंत्रण याच संघाकडे आलें. एमेंटाल, ग्रुयेर व स्ब्रिंझ या मोजक्या जातींवरच त्याचा सारा भर होता. पुढें जगभर मंदी आली, परदेशचें गिऱ्हाईक आटलें, आणि गायी मात्र दूध देतच राहिल्या. तेव्हां देशांतील माणसानेंच अधिक चीज खावें, हा एक मार्ग उरला. पावावर चीजची एखादी कापटी ठेवली तर किती खपणार? फॉन्द्यूंत मात्र माणशीं २०० ग्रॅम चीज सहज उठतें. १९३० नंतरच्या दशकांत संघानें फॉन्द्यूचा प्रचार हातीं घेतला तो या हिशेबानें.

या व्यापारी हिशेबास काळाची साथ मिळाली. १९३३ पासून उत्तरेस हिटलरची सत्ता होती, दक्षिणेस मुसोलिनीची त्यापूर्वींच स्थिर झाली होती. जर्मन, फ्रेंच व इटालियन बोलणाऱ्या आणि पंथभेद असलेल्या लोकांचें हें लहानसें राष्ट्र. शेजाऱ्यांनीं भाषेच्या नांवानें हांक मारली, तर तें एकत्र राहील काय, ही चिंता खरी होती. सरकारनें व विचारवंतांनीं ‘देशाचें मानसिक संरक्षण’ अशी चळवळ उभारली. १९३८ मध्यें रोमान्श या अल्पसंख्य लोकांच्या भाषेस चौथ्या राष्ट्रभाषेचा मान मिळाला, तोहि याच वातावरणांत. अशा वेळीं अनेकांनीं मिळून एका भांड्यांत खाण्याच्या पदार्थास राष्ट्राचें चिन्ह ठरविणें सोपें होतें. संघाच्या प्रचारांत निरनिराळ्या परगण्यांच्या म्हणून निरनिराळ्या कृति आल्या. त्यांतील कांहींस जुना आधार होता, कांहीं केवळ प्रचारासाठीं रचल्या गेल्या. न्यूयॉर्क येथील १९३९-४० च्या जागतिक प्रदर्शनांत स्विस दालनानें अमेरिकनांसहि फॉन्द्यूची ओळख करून दिली.

दुसऱ्या महायुद्धांत शिधावाटप आलें व मेजवान्या थांबल्या. १९४८ मध्यें तें उठल्यावर प्रचार पुन्हां जोरानें सुरू झाला. संघानें लष्करी पलटणींना व समारंभांच्या चालकांना फॉन्द्यूचीं भांडीं व साहित्य पुरविलें. स्वित्झर्लंडांत पुरुषांस लष्करी सेवा सक्तीची. त्यामुळें छावणींतील हें जेवण तरुणांबरोबर घरीं आलें. फॉन्द्यू चांगला असतो व त्यानें मन प्रसन्न होतें, या अर्थाचें संघाचें घोषवाक्य पोराबाळांच्या तोंडीं बसलें. एका पिढींतच लोकांस वाटूं लागलें कीं आपले आजे-पणजे हेंच खात होते.

येथवरचा वृत्तांत ऐकून कोणी म्हणेल कीं ही सारी जाहिरातबाजीच झाली. पण जाहिरात तर पुष्कळ वस्तूंची होते. रूढि मात्र क्वचितच होते. फॉन्द्यूची रूढि कां झाली, याचें उत्तर त्याच्या कृतींतच सांपडतें.

चौघांसाठीं फ्रिबूर पद्धतीचा ‘अर्धा-अर्धा’ फॉन्द्यू करावयाचा, तर ४०० ग्रॅम ग्रुयेर व ४०० ग्रॅम व्हाशरँ हें मऊ चीज घेतात. भांड्यास आंतून लसणीची पाकळी चोळतात. साडेतीनशें ते चारशें मिलिलिटर आंबटसर पांढरी वाइन, किसलेलें चीज व तीन लहान चमचे कॉर्नफ्लोअर घालून मंद आंचेवर ठेवतात आणि लांकडी चमच्यानें इंग्रजी आठच्या आंकड्याप्रमाणें ढवळीत राहतात. शेवटीं ‘किर्श’ हें चेरीचें मद्य थोडेंसें, व चवीपुरती मिरपूड आणि जायफळ. वाइन येथें केवळ स्वादासाठीं नसते. चीजमधील केसीन नांवाचें प्रथिन कॅल्शियमनें घट्ट बांधलेलें असतें. वाइनमधील आम्लें त्या कॅल्शियमला ओढून घेतात, प्रथिन सुटें होतें, आणि स्निग्धांश व पाणी यांस एकत्र धरून ठेवतें. आंच फार झाली किंवा आम्ल कमी पडलें, कीं प्रथिनाचे दोर वळतात व तूप वर येतें. अशा वेळीं लिंबाचा रस व थोडें कॉर्नफ्लोअर कामास येतें.

परंतु मेजावर आल्यानंतरहि हें मिश्रण स्वस्थ ठेवून चालत नाहीं. ढवळणें थांबलें, तर चीज तळाशीं बसतें व करपतें. म्हणून प्रत्येक पाहुण्यानें आपला तुकडा नुसता बुडवावयाचा नाहीं. तळापासून एक फेरा द्यावयाचा. एकाच्या घांसांत पुढच्याच्या घांसाची काळजी घेतली जाते. नोकरानें स्वयंपाकघरांत शिजवून ताटांत वाढण्याचा हा पदार्थ नव्हे; तो थंड होतांच बिघडतो. तेव्हां सर्वांनीं एके ठिकाणीं, एकाच वेळीं बसणें भाग पडतें. संघानें खप वाढविण्यासाठीं हा पदार्थ निवडला. पण माणसांस एकत्र बसविणारा गुण त्याच्या अंगींच होता.

एका भांड्यांत साऱ्यांचे कांटे, हें वाचून मराठी गृहिणीच्या मनांत उष्ट्याखरकट्याचा विचार आल्यावांचून राहणार नाहीं. स्विस मंडळींसहि तो आहेच. ओंठ किंवा जीभ कांट्यास न लावतां तुकडा केवळ दांतांनीं ओढून घ्यावा, असा तेथें शिष्टाचार आहे. ज्याचा पाव भांड्यांत पडेल, त्यास मंडळींनीं ठरविलेला कांहींतरी विनोदी दंड भरावा लागतो. शेवटीं तळाशीं जी खरपूस खरवड धरते, तिला ‘रलिज्यूझ’ म्हणजे जोगीण म्हणतात. ती खरवडून सर्वांत वांटली जाते. फॉन्द्यूबरोबर थंड पाणी प्याल्यास चीजचा पोटांत गोळा होतो, वाइन किंवा गरम चहाच घ्यावा, असा वडीलधाऱ्यांचा दंडक आहे. झुरिच येथील डॉक्टरांनीं २० निरोगी माणसांवर प्रयोग करून २०१० मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चहापेक्षां वाइन घेतली असतां पोट अधिक सावकाश रिकामें होतें, पण त्यामुळें त्रास मात्र अधिक होत नाहीं, असें त्यांस दिसलें. तेव्हां या वादांत कोणत्याच पक्षास हार मानण्याचें कारण उरलें नाहीं.

१९९९ मध्यें स्विस चीज युनियन विसर्जित झाली. भाव ठरविणारा व घोषवाक्यें रचणारा संघ गेला. पण त्यानें वाढविलेली रूढि गेली नाहीं. आज स्वित्झर्लंडांतील जर्मनभाषी घरांतहि थंडीच्या रात्रीं तें भांडें फळीवरून खालीं उतरतें. त्यामागील गुराख्याची कथा खरी नाहीं, आणि रूढीचें वय सांगितलें जातें त्याहून पुष्कळ कमी आहे, हें इतिहासानें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु त्या भांड्याभोंवतीं बसणारीं माणसें खरीं आहेत, आणि एकानें ढवळावयाचें थांबविलें कीं दुसऱ्यानें सुरू करावें, हा त्यांचा नेमहि खरा आहे. कोणतीहि रूढि कोणी तरी, कधीं तरी, कांहीं तरी कारणानें सुरू केलेली असते. ती पुढें टिकते ती मात्र पाळणाऱ्यांच्या गरजेमुळें. आणि स्नेह्यांनीं एकत्र बसून जेवावें, ही गरज तर कोणत्याहि संघाहून जुनी आहे.