नरक्या

पश्चिम घाटाच्या सदाहरित व निमसदाहरित जंगलांत वाढणारा आयकॅसिनेसी कुलातील लहान वृक्ष. शास्त्रीय नाव नोथापोडायटीस निम्मोनियाना. जुन्या शोधनिबंधांत तो मॅपिया फीटिडा किंवा नोथापोडायटीस फीटिडा या नावांनी येतो. लॅटिनमध्ये ‘फीटिडा’ म्हणजे दुर्गंधी, आणि मराठी नावाचा रोखही तोच आहे : पावसाळ्यात येणाऱ्या पिवळसर फुलांना आणि चुरगळलेल्या पानांना नकोसा वास येतो. ‘निम्मोनियाना’ हा नावाचा भाग 1839 साली मुंबईत छापलेल्या जॉन ग्रॅहॅम यांच्या वनस्पतिसूचीपासून चालत आला आहे. फळ आठळीचे, पिकताना गुलाबी आणि मग काळपट जांभळे होते. कोयना, महाबळेश्वर, राधानगरी, आंबोली या पट्ट्यातील लोकांना हे झाड परिचयाचे असले, तरी त्याला विशेष मोल नव्हते. बाजारात त्याला ‘अमृता’ असेही म्हणतात. मात्र आयुर्वेदातील अमृता म्हणजे गुळवेल, तिचा या झाडाशी संबंध नाही. नरक्याला महत्त्व आले ते कोणत्याही निघंटूमुळे नव्हे, तर प्रयोगशाळेतील चाचण्यांमुळे.

या महत्त्वाचे कारण कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड. त्याचा शोध नरक्यात नव्हे, तर कॅम्प्टोथिका ॲक्युमिनेटा या चिनी वृक्षात लागला. अमेरिकेच्या कृषी खात्यात मनरो वॉल हे 1950 च्या दशकात स्टेरॉइडांच्या कच्च्या मालासाठी हजारो वनस्पतींचे अर्क तपासत होते. त्यांतील काही अर्क कर्करोगविरोधी चाचणीसाठी पाठवले गेले. उंदरांच्या रक्तकर्करोगावर कॅम्प्टोथिकाचा अर्क लक्षणीय प्रभावी ठरला. पुढे वॉल नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तेथे 1962 साली त्यांना मनसुख वाणी येऊन मिळाले. वाणी यांचा जन्म 1925 मध्ये नंदुरबारचा आणि रसायनशास्त्राचे शिक्षण मुंबई विद्यापीठातले. या गटाने 1966 मध्ये कॅम्प्टोथेसिनची रचना प्रसिद्ध केली. पाच वर्षांनी, 1971 मध्ये, याच जोडीने टॅक्सॉल या दुसऱ्या कर्करोगविरोधी संयुगाची रचनाही जगापुढे ठेवली.

कामाची पद्धत ‘चाचणीच्या मागोव्याने पृथक्करण’ अशी होती. अर्काचे विद्रावकांच्या साहाय्याने भाग पाडायचे, प्रत्येक भाग जैविक चाचणीला लावायचा, ज्याच्यात परिणाम दिसेल तोच पुढे घ्यायचा आणि त्याचे पुन्हा भाग पाडायचे. संयुग कोणते याचा अंदाज नसताना हाच मार्ग उरतो. कॅम्प्टोथेसिनच्या बाबतीत तो विशेष उपयोगी पडला, कारण हे अल्कलॉइड असूनही अल्कलॉइडासारखे वागत नाही. नेहमीच्या अल्कलॉइडांचे आम्लाशी क्षार बनतात आणि त्या गुणावरच ती अर्कातून वेगळी काढता येतात. कॅम्प्टोथेसिनचे असे स्थिर क्षार बनत नाहीत. केवळ नेहमीच्या पद्धतीवर विसंबले असते, तर ते हातून निसटले असते.

नरक्याचा प्रवेश 1972 साली झाला. मुंबईत गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी मॅपिया फीटिडातील अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांत कॅम्प्टोथेसिन मिळाले आणि त्याचे प्रमाण चिनी वृक्षातल्यापेक्षा कितीतरी अधिक निघाले. सुक्या लाकडाच्या साधारण एक दशांश टक्का हे प्रमाण ऐकायला क्षुल्लक वाटते. किलोभर भुकटीतून जेमतेम ग्रॅमभर पदार्थ. वनस्पतिजन्य औषधांच्या जगात मात्र हे प्रमाण समृद्ध मानले जाते. झाडाझाडांत, आणि एकाच झाडाच्या मुळात, खोडात व पानांत ते बरेच बदलते.

प्रयोगशाळेत ओळख पटवण्याची पहिली पायरी साधी आहे. वाळवलेल्या लाकडाची भुकटी मिथेनॉलमध्ये मुरवतात, गाळून विद्रावक उडवतात आणि उरलेला चिकट अर्क क्लोरोफॉर्ममध्ये घेतात. त्याचा थेंब सिलिकाचा थर दिलेल्या पट्टीच्या खालच्या कडेजवळ ठेवून पट्टी विद्रावकात उभी करतात. विद्रावक वर चढतो तसे अर्कातले घटक वेगवेगळ्या अंतरावर थांबतात. पट्टी उजेडात पाहिली तर फारसे काही दिसत नाही. अंधारात जंबुपार दिव्याखाली धरताच कॅम्प्टोथेसिनचा ठिपका निळसर उजळतो. शेजारी शुद्ध नमुन्याचा ठिपका असला की दोन्हींची उंची ताडून पाहता येते. नेमके प्रमाण काढण्यासाठी उच्च क्षमतेच्या द्रव वर्णलेखनाचा आधार घेतात.

औषध म्हणून कॅम्प्टोथेसिनचा पहिला प्रयत्न फसला. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून 1970 च्या दशकाच्या आरंभी त्याचा सोडियम क्षार रुग्णांना देण्यात आला. रेणूतले लॅक्टोन वलय उघडले की हा विद्राव्य क्षार मिळतो, पण औषधाची ताकद त्या वलयातच आहे. रक्त किंचित अल्कधर्मी असल्याने तेथे वलय उघडेच राहते. मूत्राशयात, आम्लधर्मी मूत्रात, ते पुन्हा मिटते आणि रेणू नको तेथे सक्रिय होतो. मूत्राशयातून रक्तस्राव आणि अस्थिमज्जेवरील दुष्परिणाम यांमुळे त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या.

विषयाला पुन्हा चालना मिळाली ती 1985 मध्ये, कार्यपद्धती उलगडल्यावर. दोन पदरी दोरी मध्येच उकलायला घेतली की पुढच्या भागात पीळ घट्ट होत जातो. पेशी डीएनएची नक्कल करते तेव्हा हेच घडते. टोपोआयसोमरेज-1 हे एंझाइम डीएनएचा एक पदर कापते, पीळ सैल करते आणि पदर पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन कापलेल्या जागी पाचरीसारखे बसते आणि जोडणी होऊ देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा तेथे येऊन आदळली की दोन्ही पदर तुटतात. झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना हा घाव अधिक बसतो. अस्थिमज्जेच्या आणि आतड्याच्या निरोगी पेशीही यातून सुटत नाहीत.

वलय शाबूत ठेवून विद्राव्यता वाढवण्याच्या प्रयत्नांतून दोन अर्धसंश्लेषित औषधे पुढे आली. टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन या दोहोंना अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली. पहिले आरंभी बीजांडकोशाच्या, दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. आयरिनोटेकॅनच्या विकासात जपानच्या याकुल्ट कंपनीचा मोठा वाटा आहे. ती दुधाच्या आंबवलेल्या पेयासाठी अधिक ओळखली जाते. अलीकडे कॅम्प्टोथेसिन वर्गातील रेणू प्रतिपिंडांना जोडून थेट कर्करोगाच्या पेशीपर्यंत पोहोचवले जातात. ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन हे त्यांपैकी एक.

या यशाची किंमत घाटातल्या झाडाने मोजली. साल काढून किंवा फांदी छाटून भागत नसल्याने झाड बुंध्यापासून तोडले जाते, कित्येकदा मुळासकट उपटले जाते. लाकडाचे तुकडे करून पोती भरली की त्यांत ओळखण्याजोगे काही उरत नाही. चोरटी तोड पकडणे त्यामुळे वनखात्याला अवघड जाते. कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि सातारा जिल्ह्यांत नरक्याची तस्करी हा वारंवार उद्भवणारा गुन्हा आहे. बुंधा जमिनीत राहिला तर त्याला नवे धुमारे फुटतात, म्हणून फेरतोडीची लागवड शक्य आहे. पण बियांची उगवण संथ आणि अनियमित असते. काही झाडे फक्त नर असतात, त्यांच्याकडून बी मिळण्याचा प्रश्नच नसतो.

पर्यायांचा शोध पुन्हा प्रयोगशाळेतच सुरू झाला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या पेशी द्रव माध्यमात वाढवून त्यांतून कॅम्प्टोथेसिन मिळवण्याचे प्रयोग झाले. ते मिळाले, पण झाडाच्या तुलनेत अगदी थोडे. अधिक आशा वाटली ती 2005 मध्ये, नरक्याच्या आत निमूटपणे राहणारी एक बुरशी स्वतंत्रपणे वाढवली तरी कॅम्प्टोथेसिन बनवते, असे जम्मूच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाले तेव्हा. बुरशी मोठ्या टाक्यांत वाढवता येते, त्यामुळे झाड तोडण्याची गरज संपेल असे वाटले. परंतु अशा बुरशींचे एका बशीतून दुसऱ्या बशीत पिढ्यान्‌पिढ्या रोपण केले की उत्पादन घटत जाते, आणि काही पिढ्यांनंतर जवळजवळ थांबते, असे पुढील अभ्यासांत आढळले. यजमान झाडापासून तुटल्यावर बुरशीला कोणता संकेत मिळेनासा होतो, हा संशोधनाचा विषय आहे. पूर्ण संश्लेषण रसायनशास्त्रज्ञांनी अनेक मार्गांनी साधले असले, तरी औषधनिर्मितीसाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन मुख्यतः कॅम्प्टोथिका आणि नरक्या या दोन झाडांतूनच काढले जाते.