मॉथ विमान आणि जादा प्लग

आपल्याकडे विमानांचा इतिहास विक्रमांच्या अंगाने लिहिला गेला. देखभालीच्या अंगाने क्वचितच. १९२५ साली प्रथम उडालेले ब्रिटिश ‘मॉथ’ हे दुपंखी शिकाऊ विमान लाकडाचे व कापडाचे. कापडावर लेप देऊन ते ताठ राखायचे, पंखांमधील तारांचा ताण तपासायचा, प्लग स्वच्छ ठेवायचे, ही त्याची नित्याची निगा.

१९३० साली आगाखान पारितोषिकाच्या स्पर्धेत ॲस्पी इंजिनिअर इजिप्तमधील अबुकीर येथे प्लगअभावी अडकले. कराचीहून लंडनकडे निघालेल्या जे. आर. डी. टाटांनी, स्वतः स्पर्धक असूनही, आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. ॲस्पी जिंकले, पुढे १९६० साली वायुदलप्रमुख झाले.

जादा प्लग जवळ बाळगणारी दक्षता आणि ते प्रतिस्पर्ध्याला देणारे औदार्य, या दोहोंची नोंद आम्हांला त्या विजयाइतकीच मोलाची वाटते.