मधुमेहाचा प्रतिबंध आणि जीवनशैली

नियमित व्यायाम, समतोल आहार, पुरेशी झोप आणि तंबाखूपासून दूर राहणे या सवयींच्या साहाय्याने मधुमेह टाळणे, लांबवणे किंवा आटोक्यात ठेवणे शक्य असते. हे उपाय प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाला लागू पडतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. तो जीवनशैली बदलून टाळता येत नाही व त्यात इन्सुलिन घेणे अपरिहार्य असते.

प्रसार आणि निदान

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणाचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहता, देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह असून १५.३ टक्के प्रौढ मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. ही संख्या अनुक्रमे सुमारे १०.१ कोटी व १३.६ कोटी होते. याच सर्वेक्षणाच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील ही प्रमाणे ८.४ व १२.८ टक्के आढळली होती.

उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास मधुमेह मानतात. लक्षणे नसतील तर निदान पक्के करण्यासाठी तपासणी पुन्हा केली जाते.

कृश शरीर आणि मधुमेह

मधुमेह हा केवळ स्थूल व शहरी लोकांचा आजार आहे, असा समज रूढ आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने त्यातील उणीव दाखवून दिली. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सरासरी वजन ३.५ किलोग्रॅम होते. पुण्याकडील बाळांचे स्नायू कमी होते. मात्र त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती.

याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ होता, पण चरबीचे प्रमाण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरले. म्हणूनच भारतीयांसाठी निर्देशांक २३ पासूनच वजन जास्त मानतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा, असे सांगितले जाते. गरोदरपणातील पोषण हाही प्रतिबंधाचाच भाग ठरतो.

प्राचीन वैद्यकातही हा भेद आढळतो. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा असे दोन प्रकार सांगितले असून पहिल्यातील रुग्ण कृश, तर दुसऱ्यातील स्थूल असल्याचे वर्णन आहे. निर्धन रुग्णाने शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी, असा उपचार त्यात असला, तरी कृश रुग्णाचे बल जपावे असेही बजावले आहे.

जीवनशैलीच्या परिणामाचे पुरावे

अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम आणि वजनात ७ टक्के घट ही उद्दिष्टे ठेवली होती. अशा गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी घटले. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने ५३१ जणांवर केलेल्या भारतीय चाचणीचे निष्कर्ष २००६ साली आले. तीन वर्षांत साधा सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के, तर जीवनशैली बदललेल्या गटातील ३९.३ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला. जे आधीपासूनच अंगमेहनतीचे काम करत होते, त्यांना ते पुढे चालू ठेवण्यास सांगितले होते.

व्यायाम

आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीविनाही रक्तातील साखर आत घेऊ शकतात. व्यायामानंतर इन्सुलिनचा प्रभावही काही काळ वाढलेला राहतो. हा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरत असल्याने सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू न देणे हितावह ठरते. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे, सायकल चालवणे यांसारखा व्यायाम आणि दोन-तीन वेळा स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, अशी शिफारस आहे. जेवणानंतर थोडे चालल्यास साखरेची वाढ मर्यादित राहते.

आहार

धाराशिव, सोलापूर, बीड या भागांत ज्वारीची भाकरी हे मुख्य अन्न आहे. ज्वारीत तंतुमय पदार्थ असले, तरी तीही पिष्टमय असल्याने तिचे प्रमाण मोजकेच ठेवावे लागते. ताटाचा निम्मा भाग भाज्या व कोशिंबीर, पाव भाग डाळ, उसळ यांसारखे प्रथिनयुक्त पदार्थ आणि पाव भाग भाकरी, पोळी किंवा भात, अशी विभागणी सोयीची ठरते. गूळ रक्तातील साखर वाढवतो. त्यामुळे साखरेऐवजी गुळाचा चहा घेतल्याने धोका टळत नाही. उपवासाचा साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे.

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारित, दिवसातून दोनदाच जेवणे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे ही पद्धत राज्यात लोकप्रिय केली. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवणांत दीर्घ अंतर ठेवल्यास साखर धोकादायकरीत्या घटू शकते. त्यामुळे अशा रुग्णांनी असा बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करणे आवश्यक असते.

दक्षता

व्यायामाच्या वेळी थरथर, घाम, चक्कर किंवा गोंधळलेपणा जाणवल्यास साखर कमी झाल्याची शक्यता असते. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास सुमारे १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करतात. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडाने काही न देता तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

दीर्घकालीन मधुमेहात पायांची संवेदना मंदावते व जखम लक्षात येत नाही. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरला कोजागिरीच्या सुमारास अनेक भाविक अनवाणी चालत जातात. पाय बधिर झालेल्या रुग्णासाठी ही वाट जोखमीची असते. दुर्लक्षित जखम चिघळल्यास पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. पादत्राणे वापरणे आणि रोज तळपाय तपासणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. दृष्टिपटलाचा आजार असल्यास जड वजन उचलणे टाळावे लागते.

साखर आटोक्यात आली म्हणून औषधे परस्पर बंद करणे धोक्याचे असते. मात्रा कमी करण्याचा निर्णय तपासण्या पाहून डॉक्टर घेतात. सुरुवातीच्या काळात मधुमेहाची लक्षणे बहुधा जाणवत नाहीत. त्यामुळे शासकीय कार्यक्रमांतर्गत ३० वर्षांवरील व्यक्तींची तपासणी आरोग्य उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्रात केली जाते, आणि आशा स्वयंसेविका घरोघरी जाऊन जोखमीची माहिती नोंदवतात.