गाढ, सम, शिथिल : पायावरील पट्टबंधाच्या इतिहासाचा एक धागा

ब्रिटिश अमदानीतील हिंदी-इंग्रजी शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश 1886 मध्ये प्रसिद्ध झाला. गुडघ्याखाली पायाला गुंडाळावयाच्या कापडी पट्टीसाठी इंग्रजीत रूढ झालेला ‘पटी’ हा शब्द या कोशात नोंदलेला असून, ही चाल मूळची हिमालयातील असल्याचे तेथे म्हटले आहे. संस्कृत ‘पट्ट’, त्यापासून ‘पट्टिका’, आणि तीवरून हिंदी-मराठीतील ‘पट्टी’ ही परंपरा उघड आहे. याउलट ‘मोजा’ हा शब्द फारसी ‘मोझा’वरून आला. फारसीत त्याचा अर्थ बूट असा होता; मराठीत येताना तो कातडे टाकून सुताचा झाला. सुजलेल्या व शिणलेल्या पायांसाठी आज जे दाबाचे मोजे वापरतात, त्यांच्या पूर्वजांत हे दोन्ही प्रकार आढळतात : गुंडाळलेली पट्टी आणि चढविलेला मोजा. तथापि या इतिहासाचा खरा विषय कापड हा नसून ‘घट्ट’ या शब्दाचा अर्थ हा आहे. किती घट्ट, कोठे घट्ट, आणि कोणाच्या पायाला?

या प्रश्नाची फार जुनी मांडणी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अठराव्या अध्यायात आढळते. तेथे बंधांचे चौदा प्रकार सांगितले असून, हातापायांसाठी ‘अनुवेल्लित’ म्हणजे वेढे देत जाणारा बंध योजावा असे म्हटले आहे. त्याहून महत्त्वाची आहे ती बंधाची त्रिविध प्रतवारी. जो दाबतो पण दुखवीत नाही तो गाढ, ज्यातून हवा खेळते तो शिथिल, आणि जो या दोहोंपैकी कोणताच नव्हे तो सम. जेथे सम किंवा शिथिल बंध हवा तेथे गाढ बांधल्यास औषध वाया जाते, सूज येते व वेदना होतात, अशी सूचनाही दिलेली आहे. सूज घालविण्याचे साधन चुकीच्या मापाने वापरले तर तेच सूज आणते, हे निरीक्षण आजही खोटे ठरलेले नाही.

मात्र एवढ्यावरून आधुनिक दाबचिकित्सा प्राचीनांना अवगत होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. असा मोह आपल्याकडील लेखनात वारंवार दिसतो. सुश्रुताने मांडीवर गाढ आणि हातापायांवर सम बंध सांगितला आहे. आधुनिक मोजाचे तत्त्व नेमके उलटे आहे. त्याचा दाब घोट्यापाशी सर्वांत अधिक असून वर जाताना तो उतरत जातो. या विरोधाचे कारण उद्देशात आहे. सुश्रुताचा बंध व्रणावरील लेप जागेवर धरण्यासाठी होता, नीलांतील रक्त वर ढकलण्यासाठी नव्हे. रक्त वर्तुळाने फिरते ही कल्पनाच त्या काळी नव्हती.

ती कल्पना यावयास सतरावे शतक उजाडावे लागले. पादुआ येथील फाब्रिसियुस याने 1603 मध्ये नीलांतील झडपांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वी याने 1628 मध्ये त्यांचा खरा अर्थ लावला : रक्त हृदयाकडे जाऊ द्यावयाचे, मागे येऊ द्यावयाचे नाही. उभ्या असलेल्या प्रौढ माणसाच्या घोट्याजवळील नीलांत सुमारे 80 ते 90 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चालताना पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करतात आणि हा दाब 30 च्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. झडपा निकामी झाल्या तर तो उतरत नाही. मग रक्तातील द्रव ऊतकांत झिरपतो, संध्याकाळी पाय जड होतात आणि बोटाने दाबल्यास खळगा पडतो. तासन्‌तास एका जागी उभे राहणाऱ्या गिरणीकामगारापासून शिक्षकापर्यंत अनेकांचे पाय संध्याकाळी भरून येतात, त्यामागेही पोटरीचा हा पंप थांबणे हेच एक मोठे कारण आहे.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्‌स याचा शस्त्रवैद्य रिचर्ड वाइझमन याने 1676 च्या आपल्या ग्रंथात पायांच्या व्रणांसाठी नाडीने आवळावयाचा मोजा सुचविला. त्यामुळे वेढे सुटण्याची अडचण गेली आणि आवळण्याचे प्रमाण रोग्याच्या हाती आले. ब्रिस्टलच्या टॉमस बेंटन याने 1797 मध्ये चिकट पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली. तिचे महत्त्व चिकटपणात नसून रोग्याला हिंडूफिरू देण्यात आहे. पायाचा व्रण म्हणजे महिनोन्‌महिने अंथरूण, आणि अंथरूण म्हणजे मजुरी बुडणे. गरिबाच्या दृष्टीने बेंटनची सुधारणा किती मोठी होती हे यावरून कळते. पुढे रबराच्या गंधकीकरणाची युक्ती साधली. 1844 मध्ये चार्ल्‌स गुडइयर याला तिचे अमेरिकेत पेटंट मिळाले आणि 1848 मध्ये इंग्लंडात विल्यम ब्राउन याने लवचीक मोजासाठी पेटंट मागितले. यानंतर मोजा अंगचाच ताण धरू लागला.

सैन्यातील पट्टीची कथा या रेषेला समांतर जाते, आणि तीच अधिक बोधप्रद आहे. हिंदुस्थानी फौजेतून ती ब्रिटिश सैन्यात शिरली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गणवेशाचा भाग झाली. पायदळाने ती घोट्याकडून वर गुंडाळावी आणि घोडदळाने गुडघ्याकडून खाली, असा दंडक होता. लांब कूच करणाऱ्या शिपायाच्या पोटरीला तिचा आधार होई. परंतु 1914-15 च्या हिवाळ्यात फ्रान्स व फ्लँडर्समधील चिखलाच्या खंदकांत, गारठलेल्या पायांवर भिजून आवळलेल्या याच पट्ट्यांनी रक्तप्रवाह रोखला. ‘खंदकपाय’ या विकाराने ब्रिटिश सैन्यात वीस हजारांवर माणसे जायबंदी झाली. ओलावा आणि थंडी ही मुख्य कारणे असली तरी घट्ट पट्टीचाही त्यांत वाटा धरला गेला आणि ती सैल बांधण्याची ताकीद देण्यात आली. सुश्रुताच्या इशाऱ्याची अशी क्रूर प्रचीती क्वचितच आली असेल.

‘घट्ट’ला आकडा मिळाला तो यानंतर. वक्र पृष्ठावरील दाब हा ताणाच्या सम प्रमाणात आणि त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा लाप्लासचा नियम पायालाही लागू पडतो. घोटा बारीक आणि पोटरी जाड असल्यामुळे एकाच ताणाने गुंडाळलेली पट्टी घोट्यावर आपोआप अधिक दाबते. नडगीच्या धारेवर तर ती कातडी सोलवटू शकते. मूळ जर्मन असलेला आणि अमेरिकेत टोलेडो येथे स्थायिक झालेला अभियंता कोनराड योब्‌स्ट स्वतः या विकाराने पीडित होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिल्यावर त्याला आराम पडे. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो, म्हणजे घोट्यावर तो सर्वांत अधिक असतो, हे ओळखून त्याने 1950 च्या सुमारास उतरत्या दाबाचा मोजा सिद्ध केला. 1975 मध्ये सिगेल व त्याच्या सहकाऱ्यांनी अंथरुणावरील रोग्यांसाठी घोट्यापाशी 18 आणि मांडीपाशी 8 मिलिमीटर हे प्रमाण योग्य ठरविले. हे आकडे निजलेल्या माणसाचे आहेत. उभ्या माणसाच्या नीलांतील दाब त्याच्या कितीतरी पट असतो, याचा विसर पडून रुग्णालयात मिळालेला पांढरा मोजा घरी हिंडताफिरताना वापरला जातो.

आकडे आले तरी शब्दांचा घोटाळा संपलेला नाही. ब्रिटिश मानकात पहिला वर्ग 14-17, दुसरा 18-24 आणि तिसरा 25-35 मिलिमीटर असा आहे. जर्मन मानकात पहिलाच वर्ग 18-21 आणि दुसरा 23-32. तेव्हा ‘दुसऱ्या वर्गाचा मोजा’ या शब्दांना, मानक सांगितल्यावाचून, निश्चित अर्थ नाही. घेताना वर्ग न विचारता आकडा विचारावा, हेच शहाणपणाचे. माप सकाळी, सूज चढण्यापूर्वी, घोट्याच्या सर्वांत बारीक आणि पोटरीच्या सर्वांत जाड भागी घ्यावे लागते. वरची कड दुमडू नये, कारण दुमडीखाली दाब वाढून मोजाचा उतरता क्रमच उलटतो.

अधिक दाब म्हणजे अधिक गुण, ही समजूतही टिकलेली नाही. पक्षाघाताच्या अडीच हजारांवर रोग्यांवरील एका मोठ्या चाचणीत (2009) मांडीपर्यंतच्या मोजांनी रक्ताच्या गुठळ्या लक्षणीय प्रमाणात टळल्या नाहीत, उलट कातडीच्या जखमा वाढल्या. रोहिण्या अरुंद झाल्या असतील, तर नीलांना साह्य करणारा दाब पायाचे रक्तच तोडतो. म्हणून घोटा व दंड येथील रक्तदाबांचे गुणोत्तर 0.5 च्या खाली असल्यास असा मोजा वर्ज्य मानतात आणि 0.8 च्या खाली वैद्याच्या देखरेखीवाचून घालीत नाहीत. मधुमेह्यांत रोहिण्या कठीण होऊन हे गुणोत्तर फसवे उंच येऊ शकते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत केवळ या आकड्यावर विसंबता येत नाही. एकच पाय अकस्मात सुजून दुखू लागला, किंवा सुजेबरोबर दम लागू लागला, तर ते काम मोजाचे नव्हे, तत्काळ वैद्याचे आहे.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक अंग आहे. विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत हत्तीरोगाचा प्रादुर्भाव दीर्घकाळ राहिला आहे. सुश्रुताने ‘श्लीपद’ या नावाने पायाच्या अशा सुजेचे वर्णन केले असून, साचलेल्या जुन्या पाण्याच्या व सदा थंड अशा प्रदेशाशी तिचा संबंध जोडला आहे. येथील सूज नीलांची नसून लसीकावाहिन्यांची असते. तिच्यावर रोज पाय धुणे, कोरडे करणे व बोटांच्या बेचक्यांतील जखमा भरणे हे आधी येते, पट्टबंध त्यानंतर. दमट हवेत घामाने भिजलेला मोजा दिवसभर पायात राहिला तर याच बेचक्यांत बुरशी धरते; म्हणून मोजांचे दोन जोड ठेवून ते आलटून पालटून धुवावे लागतात. धुतल्यानेही त्यांची लवचिकता हळूहळू जाते. रोज वापरातील मोजा साधारण सहा महिन्यांनी, दिसावयास धड असला तरी, बदलावा लागतो.