मुलुंड : आधीं रस्ते, मग घरें

गांव आधीं वसावें आणि रस्ते मागाहून पडावे, हा आपल्याकडील जुना क्रम. मुंबईच्या ईशान्य सीमेवरील मुलुंडनें तो उलटा केला.

१८५३ सालीं बोरीबंदरहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी याच भूमीवरून धांवली; पण नुसत्या रुळांनीं नगर होत नाहीं. १८९६ च्या प्लेगनें दाट वस्तीचे परिणाम मुंबईकरांना दाखविले. १९१५ सालीं इलाख्यांत नगररचनेचा कायदा झाला. पुढें १९२२ सालीं झवेरभाई रामजी आणि कंपनीच्या जमिनीचा आराखडा क्राउन आणि कार्टर या वास्तुशिल्पज्ञांनीं तयार केला. स्टेशनापासून पांचरस्त्यापर्यंत, एकमेकांस काटकोनांत छेदणारे सरळ रस्ते आंखले गेले. घरें मागाहून आलीं. बिऱ्हाड मुलुंडांत आणि नोकरी मुंबईंत, असा अनेक कुटुंबांचा नेम झाला.

१९५७ सालीं मुलुंड बृहन्मुंबईंत सामील झालें. आज जुन्या घरांच्या जागीं उंच इमारती चढत आहेत. रस्त्यांची आंखणी मात्र बव्हंशीं तीच आहे. रस्ता कोठून जावा, हें त्या आराखड्यानें ठरविलें. त्यावर माणसें किती राहावींत, हें ठरविणें पुढील पिढ्यांवर सोडलें. हवा आणि उजेड यांचा प्रश्न म्हणूनच पुन्हां उभा आहे.